वाळूत खणला एक चर, तासाभरात झाली नदी

असे व्हिडिओ साधारण एकाच साच्याचे असतात. पुढे समुद्र, मागे वाळूने अडलेलं शांत पाणी आणि मधल्या वाळूत चार-पाच तरुण फावड्यांनी चर खणताहेत. चर जेमतेम हातभर रुंद. शेवटचं फावडं बसतं आणि मागचं पाणी बोटभर धारेने समुद्राकडे निघतं. थोडा वेळ काहीच घडत नाही. खणणारे कमरेवर हात ठेवून उभे. मग कडेची वाळू ढासळू लागते. धारेचा ओहोळ होतो, ओहोळाचा ओढा होतो, आणि व्हिडिओच्या शेवटी तिथे गढूळ, उसळती नदी असते. तिच्या लाटांवर मघाचेच तरुण फळ्या घेऊन स्वार झालेले असतात.

बघायला मजा येते हे मी आधीच कबूल करतो. पावसाच्या पाण्याला काडीने वाट करून देण्याचा खेळ ज्याने लहानपणी खेळला नाही असा माणूस विरळा. पण हे व्हिडिओ बघणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. काही म्हणतात, पावसाळ्यात निसर्ग हेच करतो, मग बिघडलं काय? बाकीचे म्हणतात, यांना आत टाका. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते कसं हे कळायला वाळूच्या मागे नेमकं काय साठलेलं असतं ते बघावं लागतं.

पाणी मुळात अडतं कशामुळे?

नदी किंवा ओढा समुद्राला मिळतो तिथे कायम ओढाताण चाललेली असते. लाटा वाळू किनाऱ्याकडे लोटतात, नदीचा प्रवाह ती परत समुद्रात ढकलतो. पावसाळ्यात नदीची सरशी होते आणि तोंड उघडं राहतं. पाऊस सरला, प्रवाह रोडावला की लाटांना मोकळं रान मिळतं. त्या वाळू आणून टाकत राहतात आणि एक दिवस नदीच्या तोंडात आडवा बांध उभा राहतो. या लेखात त्याला आपण ‘दांडा’ म्हणू.

दांड्याची एक गंमत आहे. लाट फुटून वाळूवर चढते तेव्हा ती समुद्राच्या पातळीपेक्षा बरीच वर जाते आणि जाताना वाळूही वर नेते. त्यामुळे दांड्याचा माथा भरतीच्या रेषेच्याही वर असू शकतो. मागून येणारं ओढ्याचं आणि पावसाचं पाणी त्याच्याआड साठतं, आणि दांड्यामागचं सरोवर समुद्रापेक्षा उंचावर तोललेलं राहतं. गच्चीवरची टाकी आणि खालचा नळ यांच्यातलं नातं आठवलं तरी पुरे. फरक इतकाच की इथे टाकीची एक भिंत नुसत्या वाळूची आहे.

ही भिंत पाझरतेही. पण पाझरण्यापेक्षा येणारं पाणी जास्त झालं की पातळी चढत जाते, मोठ्या पावसात पाणी दांड्यावरून वाहतं आणि दांडा फुटतो. काही दिवसांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनी तो पुन्हा बांधला जातो. जगात अशी उघडझाप करणारी सरोवरं आणि नदीमुखं पुष्कळ आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुमारे ३०० नदीमुखं आहेत, त्यांपैकी बहुसंख्य अशीच. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर ती इतकी आहेत की तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी ‘आयकॉल’ असं एक लघुरूपच रूढ करून टाकलंय. कॅलिफोर्निया, न्यूझीलंड, केरळ, श्रीलंका, सगळीकडे हा प्रकार आढळतो.

म्हणजे तोंड बंद असणं हा बिघाड नव्हे. सरोवराच्या आयुष्यातला तो एक ऋतू आहे.

फावड्याचं काम थोडं, बाकीचं पाणीच करतं

चार माणसांनी तासभर खणून काढलेली वाळू फार तर एखादा ट्रक भरेल. मग नदी कुठून येते?

शेताचा बांध फुटताना ज्याने पाहिला असेल त्याला हे सांगायला नको. सुरुवातीला बोट जाईल एवढं भोक असतं. त्यातून पाणी जातं, जाताना माती नेतं, भोक मोठं होतं. मोठ्या भोकातून जास्त पाणी जातं, ते आणखी माती नेतं. इथेही हेच चक्र चालतं, पण वाळू सुटी असल्याने ते फार वेगाने फिरतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची वाळू वाहून नेण्याची ताकद दुपटीवर थांबत नाही, साधारण आठपट किंवा त्याहूनही जास्त होते. म्हणून पहिली दहा मिनिटं कंटाळवाणी जातात आणि पुढचा तास भयंकर.

थोडा हिशेब करू. सरोवर समुद्रापेक्षा एक मीटर उंच असेल तर घर्षण सोडून दिल्यास पाणी सेकंदाला जास्तीत जास्त ४.४ मीटर वेगाने बाहेर पडू शकतं, म्हणजे ताशी सुमारे १६ किलोमीटर. सायकल बऱ्यापैकी दामटल्यावर येतो तेवढा हा वेग. आता सरोवराचं क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटर धरा. त्याची पातळी एक मीटरने उतरली की १०० कोटी लिटर पाणी गेलं. ते १२ तासांत गेलं तर दर सेकंदाला सरासरी २३,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर सेकंदासेकंदाला रिकामे होतात. आणि ही झाली सरासरी. ऐन भरातला प्रवाह याहून बराच मोठा असतो.

फळीवाल्यांना हव्या असलेल्या लाटाही यातूनच निघतात. उथळ पाणी एका मर्यादेपेक्षा वेगाने धावू लागलं की तळाची वाळू लाटांसारखी उंचसखल होते आणि वरचं पाणीही त्याच ठेक्यात उसळतं. या लाटा किनाऱ्याकडे सरकत नाहीत, जागच्या जागी उभ्या राहतात. मोठ्या होत जातात, फुटतात आणि पुन्हा उभ्या राहतात. समुद्रात एक लाट काही सेकंदांत संपते, इथली मात्र कितीतरी वेळ चालते. हवाई बेटांतल्या ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावरची वायमिया नदी याच खेळासाठी प्रसिद्ध आहे.

सरोवर आणि समुद्र एका पातळीवर आले की खेळ संपतो. माणसं घरी जातात. सरोवराची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि व्हिडिओत ती कधीच नसते.

साठलेलं पाणी ही सरोवराची ठेव

माझ्या मते सगळा वाद या एका मुद्द्यापाशी येऊन थांबतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

दांडा फुटल्यावर बाहेर पडणारं पाणी एक महत्त्वाचं काम करतं. तोंडाजवळ महिनोन् महिने साचलेली वाळू ते खरवडून समुद्रात नेतं. तोंड जितकं खोल आणि रुंद खरवडलं जाईल तितके जास्त दिवस ते उघडं राहतं, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करतं, मासे ये-जा करतात. हे खरवडायला सरोवराकडे एकच साधन आहे: समुद्राच्या वर साठवलेली पाण्याची उंची. ती त्याची ठेव. पावसाच्या थेंबाथेंबाने जमते आणि खर्च एकाच दिवसात होते.

या ठेवीचा हिशेब मात्र सरळ नाही. सरोवर समुद्रापेक्षा दोन मीटर उंच असताना फुटलं तर जेवढी शक्ती मिळते त्याची निम्मी एक मीटरला मिळेल, असं आपल्याला वाटतं. मिळते फक्त चौथाई. कारण पाणीही निम्मं आणि ते सरासरी ज्या उंचीवरून पडतं ती उंचीही निम्मी, अर्ध्याचं अर्धं. त्यात वाळू हलायला किमान काही वेग लागतोच, त्यामुळे प्रत्यक्षात हाती त्याहूनही कमी पडतं.

मजेसाठी किंवा घाईने खणणारे नेमकं हेच करतात. ठेव अर्धवट जमलेली असतानाच ती मोडतात. पाणी बाहेर जातं, दृश्य झकास दिसतं, पण तोंड उथळच राहतं. मग भरतीचं पाणी लाटांनी ढवळलेली वाळू घेऊन आत शिरतं आणि आतल्या शांत पाण्यात ती टाकून देतं. ओहोटीच्या दुबळ्या प्रवाहाला ती परत नेता येत नाही. काही दिवसांतच दांडा पुन्हा उभा राहतो. आता सरोवर रिकामं आहे, तोंड बंद आहे, तोंडाच्या आतल्या बाजूला पूर्वीपेक्षा जास्त वाळू आहे, आणि पाऊस कदाचित काही महिने येणार नाही. उरलेलं उथळ पाणी तापतं, आटतं, खारट होतं.

म्हणजे तोंड उघडं राहावं म्हणून केलेला उपद्व्यापच ते अधिक बंद राहायला कारण होऊ शकतो.

वरचं पाणी जातं, खालचं राहतं

बंद सरोवरातलं पाणी वरून एकसारखं दिसलं तरी बहुधा ते दोन मजली असतं. गोडं पाणी हलकं, म्हणून वर. खारं जड, म्हणून तळाशी. वरच्या मजल्याला वारा लागतो, त्यात प्राणवायू विरघळतो, मासे तिथे राहतात. तळाच्या मजल्यावर हवा पोहोचत नाही. तिथे कुजणारा पाला उरलासुरला प्राणवायू संपवतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो.

आता कोरड्या हंगामात कोणी चर खणला तर त्यातून काय वाहून जाईल? वरचा, श्वास घेण्याजोगा मजला. मासे तळाच्या पाण्यात अडकतात आणि गुदमरतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या सरी नदीच्या मुखावर २००५ मध्ये हेच घडलं. तोंड माणसांनी उघडलं, प्राणवायू असलेला थर निघून गेला आणि हजारो लहान मासे मेले. शास्त्रज्ञ त्या वेळी तिथे मोजमाप करत होते, म्हणून कारणाची साखळी नीट हाती लागली. एरवी अशा घटना ‘पाण्यात विष मिसळलं असणार’ एवढ्या तर्कावर संपतात.

काठावरचं नुकसान अधिक शांतपणे होतं. सरोवराच्या उथळ कडेला, पाणगवतात, माशांची पिल्लं वाढतात. पातळी एका रात्रीत मीटरभर उतरली की ती कड उघडी पडते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर टाइडवॉटर गोबी नावाचा मासा आहे. बोटाएवढा, आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही. तो वाळूत बीळ करून अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करत बसतो. १९९४ पासून अमेरिकेने त्याला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातलंय. दांडा भलत्या वेळी फुटला की त्याची बिळं कोरडी पडतात, आणि पोहण्यात कच्चा असल्याने तो स्वतःही लोंढ्याबरोबर समुद्रात जाऊ शकतो.

त्याच किनाऱ्यावर स्टीलहेड ट्राउट नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला नदीत परततो. सांताक्रूझजवळच्या स्कॉट क्रीक ओढ्यावरच्या अभ्यासात असं दिसलं की समुद्रातून परतलेल्या माशांपैकी बहुसंख्य मासे लहानपणी दांड्यामागच्या बंद सरोवरात वाढलेले होते. ते सरोवर अख्ख्या खोऱ्याच्या मानाने चिमुकलं. पण उन्हाळ्यात तिथे भरपूर खाऊन मासे आकाराने मोठे होतात, आणि समुद्रात टिकून राहायचं तर आकार लागतो. बाहेरून ‘साचलेलं डबकं’ दिसणारी जागा म्हणजे त्या माशांचं पाळणाघर आहे.

काही सरोवरांच्या तळाच्या चिखलात लोह आणि गंधक यांची संयुगं असतात. पाण्याखाली ती निरुपद्रवी असतात. चिखल उघडा पडून हवा लागली की त्यांच्यापासून गंधकाम्ल बनतं आणि पुढच्या पावसात धुपून पाण्यात उतरतं.

‘पण निसर्गही तेच करतो ना?’

करतो. पण कधी करतो ते बघा. निसर्ग दांडा फोडतो तो बहुतेक वेळा मोठ्या पावसात, सरोवर काठोकाठ भरलेलं असताना. ठेव पूर्ण जमलेली असते. शिवाय वरून नदीचं ताजं पाणी येतच असतं, त्यामुळे सरोवर रिकामं झालं तरी प्राणवायू मिळत राहतो आणि तोंड खरवडण्याचं काम पुढे कित्येक दिवस चालू राहतं.

फावडं घेऊन येणारा माणूस येतो स्वच्छ उन्हाच्या दिवशी. रविवारी. पावसात चर खणायला जायची हौस कोणालाच नसते. चर तोच, वाळू तीच, पण बाकी सगळं उलटं. दोन्हींना एकच म्हणणं म्हणजे पिकलेलं फळ गळणं आणि कच्चं फळ तोडणं यांत फरक नाही म्हणण्यासारखं आहे.

समुद्र खवळून बाहेरच्या लाटांनीही दांडा कधीकधी मोडतो, आणि निसर्गाच्या हातूनही मासे मरतात, हे खरं आहे. पण निसर्गाने एखादं काम दहा वर्षांतून एकदा वाईट केलं म्हणून आपण ते दर महिन्याला करावं असं त्यातून निघत नाही.

‘पाणी सडलंय, वास मारतोय, वाहून गेलेलं बरं’

हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो करणारे बहुधा काठावर राहणारे असतात आणि त्यांना मनापासून सफाई हवी असते.

वास कुठून येतो? कुजणाऱ्या शेवाळातून. शेवाळ कशावर वाढतं? वरच्या बाजूने येणाऱ्या खतांवर आणि सांडपाण्यावर. चर खणल्याने यांतलं काहीच थांबत नाही. उलट ते पाणी थेट पोहणाऱ्यांच्या किनाऱ्यावर येतं, आणि पातळी उतरल्यावर उघडा पडलेला चिखल आधीपेक्षा जास्त वास मारतो. मोरी तुंबली म्हणून तिच्यातलं पाणी बैठकीच्या खोलीत सोडण्याचा हा प्रकार.

योग्य वेळी, भरपूर पाण्याने तोंड उघडलं तर पाणी बदलतं, खारेपणा सुधारतो, हे नाकारत नाही. ओडिशातलं चिलिका सरोवर याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. समुद्राकडे जाणारी त्याची वाट गाळाने भरत गेली होती, पाणी गोडं होत होतं, पाणवनस्पती माजल्या होत्या आणि मासेमारी खालावली होती. १९९३ मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीत चिलिकाचं नाव गेलं. मग पुण्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेने प्रतिकृतींवर अभ्यास केला आणि २३ सप्टेंबर २००० रोजी सरोवराला नवं तोंड पाडण्यात आलं. समुद्रापर्यंतची वाट त्यामुळे सुमारे १८ किलोमीटरनी कमी झाली. खारेपणा परतला, पाणवनस्पती ओसरल्या, मासळी वाढली आणि २००२ मध्ये ते नाव यादीतून निघालं.

तेव्हा तोंड पाडणं हे पाप मुळीच नाही. मात्र चिलिकाचं तोंड पाडण्याआधी वर्षानुवर्षं पाणी, वाळू आणि भरती यांची मोजमापं चालली होती.

‘घरात पाणी शिरायला लागलं तर काय करायचं?’

तर खणावंच लागतं, आणि बऱ्याच देशांत सरकारी यंत्रणा ते करतात. पण त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक सरोवरासाठी एक पातळी आधी ठरलेली असते. पाणी तिथवर चढेपर्यंत यंत्र हलत नाही. चढल्यावरही भरती, लाटा आणि पावसाचा अंदाज पाहून वेळ निवडतात. भरती नुकतीच ओसरू लागली की चर सोडायचा, म्हणजे समोरचा समुद्र पुढचे सहा तास खाली खाली जात राहतो आणि सरोवराच्या पाण्याला जास्तीत जास्त उतार मिळतो. बाहेर मोठ्या लाटा असतील तर थांबायचं, नाहीतर त्या रात्रीतच तोंड बुजवून टाकतात.

सिडनीच्या उत्तरेला नॅराबीन नावाचं सरोवर आहे. तिथली पालिका काही वर्षांच्या अंतराने तोंडात साचलेली वाळू यंत्रांनी काढते आणि ट्रकमधून जवळच्या झिजत चाललेल्या किनाऱ्यावर नेऊन टाकते. एकाच खर्चात दोन कामं.

कॅलिफोर्नियात रशियन नदीच्या मुखाशी सखल जागी घरं आहेत. तिथे पूर टाळायला दांडा फोडला जात असे. २००८ मध्ये मत्स्यविभागाच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की स्टीलहेडच्या पिल्लांसाठी उन्हाळ्यात सरोवर बंद राहणं गरजेचं आहे. मग दांडा पूर्ण न फोडता वरचं जादा पाणी हळूहळू वाहून जाईल अशी उथळ वाट काढायचे प्रयत्न सुरू झाले. वाळूत अशी वाट टिकवणं फार कठीण जातं. ती एकतर बुजते, नाहीतर खोल होत जाऊन दांडाच फोडते.

यात एक सापळाही आहे. सरोवर दरवेळी कमी पातळीला उघडत गेलं की वरचा काठ कोरडाच राहतो आणि लोकांना तो घर बांधायला सुरक्षित वाटू लागतो. घरं खाली सरकली की उघडायची पातळी आणखी खाली आणावी लागते. सरोवर लहान होत जातं आणि पुराची भीती मात्र तेवढीच राहते. वर समुद्रही चढतोय; १९०१ ते २०१८ या काळात जगभरातली सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरनी वाढली. समुद्र चढला की लाटा दांडा अधिक उंच बांधतात, आणि दांडा उंच झाला की मागचं पाणीही उंच. घरांची जोती मात्र आहेत तिथेच.

‘पूर्वीपासून लोक खणतच आलेत’

हेही खरं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ते वाइहोरा हे सुमारे २०० चौरस किलोमीटरचं उथळ सरोवर आहे. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले माओरी लोक पाणी फार चढलं की त्याचं तोंड मोकळं करत. केरळातल्या कुट्टनाडमध्ये भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली चालते. तिथे पावसाळ्यात तोट्टप्पळ्ळीचा दांडा वेळेवर कापला नाही तर शेतं बुडतात.

पण या जुन्या खणण्यामागे अनेक पिढ्यांचं निरीक्षण होतं, आणि मुख्य म्हणजे खणणारे त्याच सरोवरावर जगत. चूक झाली तर उपाशी तेच राहणार. सहलीला आलेल्या माणसाला ती अडचण नसते.

जाणकारांचंही दरवेळी एकमत होत नाही. दक्षिण आफ्रिकेतलं सेंट लुशिया सरोवर हा जागतिक वारसा आहे. त्याचं तोंड वर्षानुवर्षं बंद होतं. ६ जानेवारी २०२१ रोजी, सरोवर ज्या उद्यानात आहे त्याच्या प्राधिकरणाने ते यंत्राने उघडलं. सरोवर गाळाने भरतंय, शेतं बुडताहेत, मासेमारी आणि पर्यटन थंडावलंय, असं म्हणणाऱ्यांना आनंद झाला. कित्येक शास्त्रज्ञांनी मात्र कडाडून हरकत घेतली, कारण इतकी वर्षं जमत आलेलं गोडं पाणी वाया गेलं असं त्यांना वाटत होतं. शेवटी मंत्र्यांना स्वतंत्र तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. हयात याच विषयात घालवलेले लोक जिथे भांडतात, तिथे फावडेवाल्याचा आत्मविश्वास मला जरा जास्तच वाटतो.

खणणाऱ्याच्या जिवाचं काय?

चर रुंद होताना त्याच्या कडा उतरत्या राहत नाहीत. ओल्या वाळूच्या उभ्या भिंती तयार होतात, कधी माणसाच्या उंचीच्या. पाणी त्यांचा पाया आतून कोरत असतं, त्यामुळे वरून भक्कम दिसणारी कड अचानक बसते. व्हिडिओ काढणारे नेमके तिथेच उभे असतात. खाली पडलेला माणूस वाळूच्या वजनाखाली सापडू शकतो किंवा थेट फुटणाऱ्या लाटांत फेकला जातो. पाणी गढूळ, त्यामुळे वाचवायला जाणाऱ्यालाही तो दिसत नाही. गुडघाभर पाणीसुद्धा एवढ्या वेगाने आलं तर धडधाकट माणसाचे पाय सुटतात. आणि एकदा सुरू झालेला हा प्रवाह बंद करता येत नाही. चार फावड्यांनी उघडलेलं तोंड चाळीस फावड्यांनीही बुजत नाही.

कायद्याचं म्हणाल तर देशोदेशी वेगवेगळे नियम आहेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये परवानगीशिवाय तोंड उघडणं बेकायदा आहे. अमेरिकेत, मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या प्लॅट नदीच्या मुखावर ऑगस्ट २०२२ मध्ये एकाने दगड हलवून आणि वाळू खणून नदीला सरळ वाट करून दिली. जागा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यातली. तिथे बोटींसाठी पूर्वी गाळ काढला जाई, ते काही वर्षं आधी थांबलं होतं आणि बोटवाले वैतागले होते. चर बघता बघता रुंद झाला, मोठ्या बोटी आत-बाहेर करू लागल्या, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने त्या माणसाला दोषी ठरवलं. मूळ वैताग समजण्यासारखा होता, पण नदी त्याच्या एकट्याची नव्हती.

मुलांनी वाळूत पाट काढायचा की नाही?

खुशाल काढावा. भरतीच्या रेषेखालच्या ओल्या वाळूत, लाटेने भरलेल्या खड्ड्यातून कितीही पाट काढा, पुढची भरती सगळं पुसून टाकते. पाटाच्या वरच्या टोकाला दांड्यामागचं पाणी असेल तेव्हाच प्रश्न येतो. तिथे दुसऱ्या कोणी खणलेला चर वाहताना दिसला तर कडेपासून लांब राहावं, मुलांना दांड्यावरून खाली आणावं आणि जीवरक्षकांना किंवा स्थानिक प्रशासनाला कळवावं. तो बुजवायला जाऊ नये.

ते वाइहोराचं तोंड आजही उघडलं जातं, आता अवजड यंत्रांनी. नियमानुसार ऑगस्ट ते मार्चमध्ये पाणी समुद्रसपाटीपासून १.०५ मीटरवर गेल्यावर, आणि एप्रिल ते जुलैमध्ये १.१३ मीटरवर. आकडा गाठला तरी समुद्र राजी असावा लागतो. दक्षिणेकडून मोठ्या लाटा आल्या तर खणलेला चर दगडगोट्यांनी भरून जातो, यंत्रं मागे घेतात, आणि सगळे पुन्हा हवामानाकडे डोळे लावून बसतात.